हाजी बखीतच्या संडासाखालची कमान

पुरातत्त्वाची पदवी घेतल्यापासून मला एकाच माणसाने काम देऊ केलं: हाजी बखीतने. काम त्याच्या संडासात होतं.

आमच्या इजिप्तमधल्या अखमीम गावात प्रत्येकाला वाटतं की आपल्या घराखाली फारोचं थडगं आहे. शेजाऱ्याच्या घराखाली नुसती माती. हाजीने खणायला संडास निवडला, कारण आत कितीही वेळ कण्हलं तरी कोणी विचारत नाही. मला त्याची मुलगी नवारा हवी होती. त्याला कामधंदा असलेला जावई हवा होता.

"थडगं काढून दे, नवारा तुझी," तो म्हणाला. "नाहीतर तिचा चुलतभाऊ आहेच. दुबईत एसी दुरुस्त करतो."

"हाजी, हा गुन्हा आहे. पकडलो गेलो तर सरकारी नोकरी कायमची जाईल."

"आत्ता आहे का, शाझली?"

मी खड्ड्यात उतरलो. भिंतींना झुरळं, पायाखाली चिखल. वर काठावर बसून हाजी फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची पातळ उसळ, आणि कांदा खात होता. उसळीचे थेंब माझ्या टाळूवर पडत होते.

पुरुषभर खोलीवर विटांची कमान लागली. देखणी. शिकवल्याप्रमाणे मी ब्रशने माती झाडली, मोजमाप घेतलं, चित्र काढलं. घाण वास येत होता. पण आमचे प्राध्यापक म्हणायचे, हा इतिहासाचा श्वास, छातीभर घ्या. मी छातीभर घेतला.

"रोमन काळातली आहे! थांबा, आधी फोटो काढू!"

"फोटो लग्नात काढ," म्हणत हाजीने पहार खाली सोडली.

कमान फुटली. रोमन काळ माझ्या कमरेपर्यंत आला, मग छातीपर्यंत. त्यात टोमॅटोच्या बिया होत्या. रोमन काळात इजिप्तमध्ये टोमॅटो नव्हता. पदवीचा एवढा थेट उपयोग मला पहिल्यांदाच झाला.

तेवढ्यात शेजारच्या उम्म इदरीसची आरोळी आली, "अगं बाई, उतरला! तुंबलेला संडास उतरला!" आणि ती धावतच आली. "नवरा मेला तो मैल्याची टाकी कुठे बांधली ते न सांगताच. कोणाला सापडली?"

"माझ्या घराखाली बांधली?" हाजी ओरडला.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हाजी."

मला अंगणात पंपाखाली धूत असतानाच गल्लीतले लोक जमले. प्रत्येकाची कुठली ना कुठली टाकी हरवलेली होती. नाकाला रुमाल लावून ते आपल्या घरी चलायचा आग्रह करत होते. हाजीने गर्दी पाहिली, मग मला पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरून जाहीर केलं, "आमचा जावई."

साखरपुड्याला मी चार साबण संपवून गेलो. तरी पाहुणे खुर्च्या सरकवत राहिले. नवाराने हात लांबवून, तोंड फिरवून बोट पुढे केलं.

"आज कुठल्या काळातला आहेस?" तिने विचारलं.

"टोमॅटोनंतरचा," मी म्हणालो आणि अंगठी घातली.