थोरल्याची काडतुसं

सकाळी सव्वासात वाजता दोनशे मीटरवरच्या कागदात पहिली गोळी आडवी शिरली. भोक गोल नव्हतं, शेंगेसारखं लांबट होतं. दुसरी गोळी वीतभर बाजूला, तशीच. तिसरी कागदाला लागलीच नाही.

धाकट्याने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. रेंजवर दुसरं कोणी नव्हतं. आपली चटई त्याने सवयीने एका कडेला घातली होती. शेजारची जागा थोरल्या भावाची.

काडतुसंही थोरल्याचीच. तो गेल्यावर कपाट आवरताना वहिनींनी डबा धाकट्याच्या हाती दिला होता. "तुमच्या रायफलीलाही हीच लागतात ना, भावजी? ह्यांचं काहीतरी तुमच्या हातून वाजू दे."

माप खरंच तेच होतं. रविवारी जोडीचा सामना होता. दोघे भाऊ त्यात दरवर्षी उतरत. यंदा दोघांच्या फैरी एकट्याने झाडायला क्लबने परवानगी दिली होती. थोरल्याच्या वाट्याच्या गोळ्या त्याच्याच डब्यातल्या असतील, असं धाकट्याने ठरवून टाकलं होतं.

दुपारी तो रायफल घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने सळईच्या टोकाला फडकं घट्ट गुंडाळलं, ते नळीत सारलं आणि सळईवर खूण केली. सळई आत जाताना नळीतल्या पिळाच्या खाचांबरोबर हळूहळू फिरत गेली. खूण पुन्हा वर आली तेव्हा त्याने पट्टी लावून सळई किती आत गेली ते मोजलं.

"बारा इंचांत एक फेरा. दादांची नळी मीच बसवली होती. ती आठाची."

"नळीचं भोक तर सारखंच आहे."

"भोक सारखं, पीळ निराळा. दादांची गोळी जड, म्हणून लांब. लांब गोळीला गिरकी जास्त लागते. तुमची नळी तिला जेमतेम फिरवून सोडते, मग ती कोलांट्या मारत जाते."

"जवळून मारली तर?"

"नळीतून निघतानाच डुलते ती. जवळून मारलीत तर जवळ डुलेल. हलकी काडतुसं देऊ का? तुमच्या नळीला चपखल."

"ती आहेत घरी."

मिस्त्रीने पट्टी खिशात घातली. "मग नळी बदला, महिनाभर लागेल. नाहीतर दादांची रायफल आणा."

ती वहिनींनी विकली होती. संध्याकाळी त्याने त्यांना फोन केला.

"विकताना तुम्हाला विचारलं होतं, भावजी. तुम्हीच म्हणालात, माझी आहे, दुसरी घेऊन काय करू."

"म्हणालो होतो."

"जेवलात का?"

"जेवतो. घेणाऱ्याचा नंबर आहे?"

घेणारा दंतवैद्य होता. रायफलीतून त्याने अजून एकही गोळी झाडली नव्हती. रविवारी ती घेऊन तासभर रेंजवर याल का, असं धाकट्याने विचारलं. घरी विचारून कळवतो, असं तो म्हणाला. आवाज सभ्य होता, पण तेवढाच.

शनिवारी संध्याकाळी क्लबच्या फलकावर जोड्या लागल्या. दोघा भावांची नावं एकाखाली एक आहेत. धाकट्याने पिशवीत दोन्ही डबे भरले आहेत, हलक्या काडतुसांचा आणि थोरल्याचा. दंतवैद्याचा फोन अजून आलेला नाही.