विकणारा आधी लटकतो

पावणं, एक विचारतो. माल घेताना तुम्ही भरवसा कशावर ठेवता? मालाच्या चकाकीवर, की विकणाऱ्याच्या जिभेवर? घाईनं उत्तर देऊ नका. मी वेत बोलतोय, आणि दोन्ही मी जवळून पाहिलंय.

जन्म माझा मलबारच्या रानातला. गलबतातून मालवणला उतरलो, बैलगाडीनं फोंडा घाट चढलो आणि कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दिलदारशेठच्या दुकानात आढ्याला टांगला गेलो. दोर, वेत, सुंभ यांचं ते दुकान. शेठनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवत शिकला. गिऱ्हाइकाला आधी पाणी, मग थट्टा, मग भाव. बोलायचं मी त्याच्याकडूनच शिकलो.

महाराजांच्या राज्यात तालमींना मोठा मान. केरबा वस्तादांच्या तालमीत कुस्तीबरोबर मल्लखांबही चाले, लाकडी खांबावरचा आणि वरून टांगलेल्या वेतावरचाही. वेत घेताना वस्तादांचा एक दंडक होता. विकणाऱ्यानं आधी स्वतः लटकायचं, मग गड्यांनी. शेठचं पोट म्हणजे भरलेलं पोतं. तो लटकला की सगळी तालीम बघायला गोळा होई.

"चाचा, आता डोकं खाली करा की," कुणीतरी म्हणे.

"डोकं खाली केलं तर खिशातलं सांडंल, आणि तुम्ही टपलायसाच," शेठ वरून उत्तर देई.

मोठी लढाई संपली आणि बातमी आली, सातासमुद्रापार साऱ्या देशांचे खेळ पुन्हा भरणार. तिथं कसरतीचाही सामना असतो म्हणे. गुणी गडी हेरायला मुंबईचे एक साहेब येणार असं कळलं, आणि आकारामची झोप उडाली. राधानगरीकडचा हा गडी, वस्तादांचा सगळ्यात तयार चेला. त्याला एक अवघड कसरत दाखवायची होती. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात वेत धरायचा, अगदी उंचावर, आणि दोन्ही हात सोडून उलटं लोंबायचं. तालमीतला जुना वेत आखूड पडत होता. हवा तेवढा लांब वेत गावात एकच होता, तो मी.

आता खरं सांगतो. दोन उन्हाळे तापल्या पत्र्याखाली काढून मी आतून वाळलो होतो. वरून मात्र एरंडेलानं असा चकाकत होतो की शेठची पारखी बोटंही फसली. ते सांगायला तेव्हा मला तोंड नव्हतं.

साहेब यायच्या दिवशीच सकाळी मला तालमीत टांगलं. साहेब खुर्चीत बसले, बघे भिंतींवर चढले. वस्ताद शेठच्या कानाशी लागले.

"दिलदार, आज ऱ्हाऊ दे. पाव्हण्यांसमोर हसं नको."

"आज सोडलं की उद्याबी सोडाय येतंय, वस्ताद."

आकारामही हात जोडून म्हणाला, "चाचा, माझा हाय की भरवसा तुमच्यावर."

"तुझा माझ्यावर हाय रं. माझा ह्या वेतावर अजून बसायचा हाय."

शेठ धापा टाकत वर चढला. भिंतीवरचे लोक खदाखदा हसले, साहेबांनीही तोंडाला रुमाल लावला. आणि मी मोडलो. कडकन आवाज झाला, शेठ आखाड्याच्या भुसभुशीत मातीत कमरेवर आपटला. हसू जागच्या जागी विरलं. आकारामनं आधी माझं फाटलेलं टोक पाहिलं, मग वर, जिथं त्याची बोटं असणार होती तिथं. त्याचा हात आपसूक मानेवर गेला.

साहेब उठू लागले. शेठ मातीतूनच म्हणाला, "दुकानात सुती दोर हाय. आणा."

"दोरावर कोण कसरत करतंय?" वस्ताद म्हणाले. "त्यो थरथरतोय, पिळतोय."

दोर आला. कमर धरून शेठ उठला आणि पुन्हा लटकला. या वेळी कुणी हसलं नाही.

मग आकाराम चढला. मी मातीत पडून वर बघत होतो. दोर पिळत होता, तो त्या पिळाबरोबर वळत होता, जणू हाडंच नव्हती त्याला. वर पोचून त्यानं बोटांच्या बेचक्यात दोर घेतला, हळूहळू उलटा झाला आणि हात सोडले. सगळा देह दोन बोटांवर. दोर थरथरायचा थांबला. मी जन्मभर झाडांना लटकलेला. मला वाटायचं लटकणं मला कळतं. त्या सकाळी समजलं, मला काहीच कळत नव्हतं. भिंतीवर एक म्हातारा होता, त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

साहेबांनी रुमाल खिशात सारला. खालच्या आवाजात म्हणाले, "असं मी कुठं पाहिलं नाही. पण तिकडं दांड्यांवर आणि कड्यांवर कसरत करतात. हा खेळच त्यांच्यात नाही." आकारामचं नाव लिहून न घेताच ते गेले.

दुपारी आकाराम शेठच्या कमरेला एरंडेल चोळत बसला होता.

"नाव लागलं न्हाय रं तुझं," शेठ म्हणाला.

"मान हाय की जाग्यावर, चाचा. जरा कुशीवर वळा."

माझा धड राहिलेला तुकडा शेठनं तासून दोर मोजायचा गज केला. आता मी गल्ल्याशेजारी टेकून असतो, आणि माप मारायला शेठ मला अंगठ्यानं कधी मागं सारत नाही. पावणं, तुम्हीही कुठंतरी काहीतरी मोजून देत असालच. तेवढा हिशेब खरा ठेवा. तुमच्या मापात जे कमी पडतं, त्याच्याखाली कुणाचं तरी डोकं असतं.