देव्हाऱ्याजवळचा ग्लोव्ह

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना चामडी ग्लोव्ह आहे. निवांत पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. चेंडू दिसला की माझी बोटं शिवशिवतात.

१९९५ साली मी ओतूरच्या कॉलेजात आलो आणि राजुरीच्या बिरदेवच्या डाव्या हातात बसलो. त्याच्या घरी मेंढरं होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून तो जमिनीलगत येणारा चेंडू अडवायचा, कळपातून निसटणारं कोकरू अडवावं तसा. कॉलेज संपलं, तेव्हा खेळाच्या सरांनी मला त्यालाच देऊन टाकलं.

पुढे पुण्यात एका सरकारी खात्याच्या संघाची निवड ठरली. निवड झाली, तर खेळण्यासाठीच पगारी नोकरी! सुट्टीमुळे मैदान मोकळं म्हणून दिवस दसऱ्याचा धरला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याची आई चिमाबाई हिने मला लोकर कातरायच्या कातरीशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. सकाळी बिरदेवने मला घ्यायला हात पुढे केला.

"थांब! पुजलेलं हत्यार सोनं लुटल्याबिगर उठवायचं न्हाई."

"आगं आये, त्यो ग्लोव्ह हाय! माझी गाडी जाईल."

"ज्याच्यावर पोट भरायचं, ते हत्यारच की रं."

सोनं लुटायचं संध्याकाळी. बिरदेव रिकाम्या हाताने गेला. मी दिवसभर नुसता तळमळत होतो. रात्री तो हसत परतला. दुसऱ्याचा ग्लोव्ह मागून खेळला होता आणि निवडला गेला होता! चिमाबाईने सगळं श्रेय मला दिलं. "ह्यो आता घरातच ऱ्हाणार," ती म्हणाली.

संघाने त्याला नवा ग्लोव्ह दिला. नऊ वर्षं तो गावोगावी खेळला आणि मी देव्हाऱ्याजवळ फडक्यात गुंडाळलेला पडून राहिलो. त्या नव्या ग्लोव्हचा मला भारी राग यायचा.

२००८ साली गुडघा दुखावला आणि बिरदेव खेळ सोडून घरी आला. चिमाबाईने मला कौतुकाने पुढे केलं. "बघ, लई जपलाय."

त्याने हात घातला, चेंडू भिंतीवर टाकला. मी झेलायला धडपडलो, मित्रांनो, पण वाळलेलं चामडं मिटेना. बोटं बांधणारी चामड्याची वादी तुटली आणि चेंडू अंगणात घरंगळला.

चिमाबाईचा चेहरा उतरला. "म्या तर धूळबी बसू दिली न्हाई रं."

"आये, त्याला धूळच पायजे व्हती."

ती तेलाची वाटी आणून माझं एकेक बोट चोळू लागली.

आता मला नवी वादी आहे. वस्तू जरूर जपा, मित्रांनो. पण माझं म्हणाल, तर हळदकुंकू राहू द्या. एक चेंडू टाका.