खंडेनवमीचे नमुने

निकाल पास आला, तेव्हा शिवराजदादांनी अख्ख्या वर्कशॉपला पेढे वाटले. माझा पेढा टेबलावरच राहिला. मला चैन पडेना.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं रबरी सीलचं छोटं वर्कशॉप. दादा मालक, तपासणी माझ्याकडे. अणुभट्टीभोवती काँक्रीटची जाडजूड इमारत असते. तिच्या दरवाजाला बसणाऱ्या सीलचं काम पहिल्यांदाच आमच्याकडे येऊ घातलं होतं. आत अपघात झाला तर बाहेर काही गळू द्यायचं नाही, एवढंच त्या सीलचं काम. पण नेमका तेव्हाच किरणांचा मारा सगळ्यात जास्त, आणि त्या माऱ्याने रबर कडक होतं, तडकतं. म्हणून आधी नमुने प्रयोगशाळेत किरणांखाली ठेवून बघतात. आमचे तिथून परत आले ते चक्क मऊ.

"गुणाचं रबर बनवलंस, ऋतुजा," दादा म्हणाले.

मी इतकी गुणाची नाही, हे मला ठाऊक होतं. थोडं तरी कडक व्हायलाच हवं होतं. भाकरी तव्यावरून कच्चीच उतरली, तर खाली जाळ होता का हे बघायला नको?

दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या घातल्या. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. शेवटी त्याच मालातला राखून ठेवलेला एक नमुना काढला आणि परत आलेल्याशेजारी ठेवला. परत आलेला जरा फुगलेला होता. हे रबर पाण्याला दाद देत नाही, पण तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. आता तेल आलं कुठून?

वच्छलामावशी सीलच्या कडा कातरत बसल्या होत्या. मूळच्या माढ्याच्या, आणि रोज दुपारी माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या.

"मावशी, त्या नमुन्यांना तेल लागलं होतं का?"

"लागलं कशाला? मी लावलं की!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "खंडेनवमीला नमुन्यांची पेटी पूजेत मांडली न्हवं का? बैलाच्या शिंगाला लावतो तसं करडईचं तेल चोळलं. लई देखणी दिसत हुती. मग पुसून ठिवली पेटीत."

दसऱ्यानंतर तीच पेटी प्रयोगशाळेत गेली होती.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "पास झालं ना? मग देव पावला म्हण आणि गप बस."

"खऱ्या सीलला तेल नसणार, दादा. ते टिकेल की तडकेल, कुणालाच माहीत नाही."

"हे काम गेलं तर वर्कशॉप कशावर चालवू?"

"आणि सील गेलं तर?" मी ओरडले. मालकावर ओरडायची माझी पहिलीच वेळ.

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "ताई, नका सांगू. चूक माजीच हाय, पर ह्या वयात मला कोन कामावर घील?"

मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, दादांचा तर आलाच. मी हात सोडवून घेतला आणि प्रयोगशाळेला फोन लावला. दादा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, पण फोन हिसकावला नाही.

निकाल रद्द झाला. नवे नमुने पाठवा, मग बघू, एवढंच तिकडून म्हणाले. दादांनी मावशींना काढलं नाही, पण सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. मी मध्ये पडले, तेही मावशींना आवडलं नाही. आता त्या डबा एकट्याच खातात.

काल नवे नमुने काढले. कडा कातरायला मावशींइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून काम त्यांच्याकडेच गेलं. नळाखाली साबणाने हात धुऊन, पुसून त्या माझ्या टेबलासमोर आल्या आणि शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही तळवे पुढे धरले.

"बगा ताई. कोरडे हायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको हो मावशी, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मी ते हात धरले, उलटे केले, आणि नखांखालीसुद्धा बघितलं.