घर नंबर सत्तावीस, बं.

"बंद घर कुणाला हवंय?" प्राध्यापक बाईंनी विचारलं, आणि एकही हात वर झाला नाही.

वर्गातली बाकं भिंतीला सारली होती. मधल्या मोकळ्या फरशीवर खडूने एक गल्ली काढली होती. माझी गल्ली. एकतीस वर्षांपूर्वी तिथे कावीळ पसरली तेव्हा मी आरोग्य खात्याची नर्स होते. घरांचे चाळीस चौकोन, नळाच्या जागी निळा गोल, गटाराची वेडीवाकडी रेघ. प्रत्येक चौकोनात एक विद्यार्थी उभा राहणार, हातात माझ्या जुन्या रजिस्टरमधली त्या घराची नोंद. दोघं जण नर्स होऊन दारोदार फिरणार, विचारपूस करणार आणि कावीळ कुठून आली ते शोधणार. सार्वजनिक आरोग्य शिकवायची ही म्हणे नवी पद्धत. आमच्या वेळी बाई फळ्यावर लिहायच्या, आम्ही वहीत उतरवायचो आणि परीक्षा झाली की विसरून जायचो. तेही काही वाईट नव्हतं. निदान त्यात कुणाची जुनी रजिस्टरं उकरावी लागत नसत.

"बंद घराला काही काम नाही," बाई म्हणाल्या. "पाठ फिरवून बसायचं. कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही."

"द्या मला," माझी नात म्हणाली. "नाहीतर म्हणतील, आजीचा वर्ग म्हणून हिला चांगलं घर मिळालं."

सगळे हसले. ती सत्तावीस नंबरच्या चौकोनात गेली आणि भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसली. चाळीस घरांत तिला नेमकं तेच घर मिळावं.

शेऱ्याच्या रकान्यात 'बं.' लिहायची आमची पद्धत होती. दाराला कुलूप दिसलं की बं., तारीख, आणि पुढचं दार. तीन फेऱ्यांत तीनदा बं. आलं की ते घर यादीतून सुटायचं. साहेब बाकीचे रकाने बोट लावून तपासायचे, पण बं. कधी तपासायचे नाहीत. बंद दाराचं काय तपासणार?

ही रजिस्टरं जुन्या कार्यालयातून रद्दीत निघाली होती. बाईंनी ती उचलून आणली आणि वर्गात दाखवली, तेव्हा नातीने माझं अक्षर ओळखलं. झालं. तिने घरी येऊन माझ्या गळ्यात हातच टाकले. आमच्या बैठकीत माझं मानपत्र टांगलंय. 'एकही घर न सोडणाऱ्या सिस्टर. साथीत गल्लीतील मृत्यू शून्य.' पोर त्या चौकटीखाली अभ्यास करून मोठी झाली. विद्यापीठाच्या अर्जात, हा विषय का घ्यायचाय, या प्रश्नाला तिने एका ओळीत उत्तर लिहिलं होतं: माझी आजी. मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी उठून चहा टाकायला गेले होते. तिला वाटलं, आजीला भरून आलं.

यायला नको म्हणत होते मी. गुडघे दुखतात म्हटलं, बस लागते म्हटलं. तिने रिक्षा आणून दारात उभी केली.

तर खेळ सुरू झाला. पोरं मोठी नकलाकार. आठ नंबरचा दाढीवाला सासू झाला आणि नर्सलाच ओरडायला लागला. बारा नंबरची मुलगी पाणी उकळते असं सांगायची आणि उकळायची नाही. मी खुर्चीत बसून चुका काढत होते. "असं उंबऱ्यातून विचारायचं नसतं, बाळा. आधी म्हणायचं, घोटभर पाणी द्या हो. ते कुठल्या भांड्यातून काढतात ते बघायचं." बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. सत्तावीसच्या पाठीकडे मी पाहतच नव्हते.

तेवढ्यात नर्स झालेला चष्मेवाला मुलगा रजिस्टरचा कागद घेऊन माझ्याकडे आला.

"आजी, इथे एक गंमत आहे. सत्तावीसला पहिल्याच फेरीत बं. आहे. पण त्याआधी काहीतरी लिहून खोडलंय." त्याने कागद उजेडाकडे धरला. "माणसं तीन. ग. एक. घर बंद होतं, तर माणसं मोजली कशी?"

चोराच्या मनात चांदणं. माझे कान तापले.

"शेजाऱ्यांनी सांगितलं असेल," मी म्हणाले.

"आणि ग. म्हणजे?"

"गाय," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"गळकी टाकी?"

"गच्ची असेल रे. या घराला गच्ची आहे, नकाशात दिसतेय."

"हो, गच्चीच," मी म्हणाले.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. इतकं सहज आलं ते तोंडातून. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्षं झाकली होती, आणखी तासभर झाकली म्हणजे संपलं, असा विचार मी केला. खोटं कशाला बोलू, केलाच.

पण पोरं हुशार निघाली. गच्ची म्हटल्यावर गच्चीवर टाकी आली. घर बंद म्हटल्यावर ती टाकी महिनोन्‌महिने न धुतलेली झाली. टाकीतलं घाण पाणी उलटं नळात उतरलं असणार, असं चष्मेवाल्याने सांगितलं आणि निळ्या गोलापासून सत्तावीसपर्यंत खडूने रेघ ओढली. प्रत्यक्षात त्या साथीचं मूळ कुणालाच सापडलं नव्हतं. त्यामुळे बाई खूश झाल्या. "बघा, एका अक्षराने कुठवर नेलं," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर लिहायला लागल्या.

"साथीचं मूळ: घर २७. टाकी उघडी टाकून घर सोडून जाणारे निष्काळजी रहिवासी."

"काय माणसं असतात एकेक," बारा नंबरवाली म्हणाली. "स्वतः निघून जायचं आणि गल्लीला मारायचं."

माझ्या नातीने भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली. तिलाही पटलं होतं.

ते मला सोसवलं नाही. माझी अब्रू राहिली असती, मानपत्र राहिलं असतं. पण जिच्या घरी मी परत गेले नाही, तिच्याच घरावर आता दोष चालला होता. आणि तो फळ्यावर लिहिला जात होता, चाळीस पोरं तो उतरवून घेत होती.

"पुसा ते," मी म्हणाले.

बाईंना वाटलं, शुद्धलेखन चुकलं.

"गच्ची नाही. ग. म्हणजे गरोदर." मी खुर्चीचा हात धरून उठले. "आणि घर बंद नव्हतं."

मग सांगितलं. बारा पायऱ्या होत्या त्या घराला. पहिल्या फेरीत मी चढले. दारात सासू होती, आत मुलगा आणि सून. मी माणसं लिहिली, सुनेचं पोट पाहून ग. लिहिलं. क्लोरीनची बाटली पुढे केली तर सासू म्हणाली, "तुमच्या थेंबांनी पाणी नासतं. आमच्या घराला काय रोग झालाय? चालत्या व्हा." माझ्या नाकावर राग. सकाळपासून सव्वीस घरं केलेली, सव्वीस घरांची बोलणी खाल्लेली. मी म्हणाले, मरा मग. तोंडातल्या तोंडात म्हणाले, पण म्हणाले. खाली उतरले आणि पायरीवर बसून लिहिलेलं खोडलं, बं. लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचं बं. तर मी पायरीही न चढता लिहिलं.

"तशी माणसं हाकलून देतातच, आजी," चष्मेवाला हळू म्हणाला. बिचारा मला वाट काढून देत होता.

"देतात. पण त्या काविळीत गरोदर बाईच्या जिवाला धोका असतो. पोट दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं, असा आम्हाला हुकूम होता. आणि ती सून..." मी पाणी प्यायले. "सासू माझ्यावर ओरडत होती, तेव्हा ती मागे उभी होती. तिने मला बोटाने खूण केली. नंतर या म्हणून. मी पाहिलं होतं. पाहून उतरले."

तिला कावीळ झाली. माहेरी नेली, तिथेच गेली. म्हणून आमच्या गल्लीत मृत्यू शून्य. महिन्याभराने नळावर सासू भेटली. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. नुसतं म्हणाली, "सून गेली." आणि बादली उचलून चालायला लागली.

हे सगळं मी कुणाशी बोलले? नातीच्या वेणीशी. ती वळली नाही. बंद घराने बोलायचं नाही हा नियम पाळत होती, की आणखी काही, कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी फळा पुसला. चष्मेवाल्याच्या हातात अजून पेन होतं. त्याने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आपण मृत्यू किती धरायचे? एक?"

"दोन," मी म्हणाले.

बाईंनी कपाटातून मूळ रजिस्टर आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. दुरुस्तीचा नियम मला अजून पाठ आहे. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. तीन बं. वर मी तीन रेघा मारल्या. शेऱ्यात लिहिलं, 'घर उघडे होते. मी परत गेले नाही.' बाजूला सही केली. आजची तारीख टाकली.

परतताना रिक्षा मिळाली नाही. बस रिकामी होती. नात शेजारी बसली, पण पिशवी मांडीवर नेहमीसारखी सैल न ठेवता घट्ट धरून. तीन थांबे गेले.

"ते मानपत्र उतरवून ठेवते," मी म्हणाले.

"मला काय विचारतेस?"

आणखी एक थांबा गेला.

"मी मान हलवली," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "निष्काळजी रहिवासी म्हणाले तेव्हा. तू बसून ऐकत होतीस."

"हो."

"नाव काय होतं तिचं?"

"विचारलं नव्हतं."

"घरात गेलीस, माणसं मोजलीस, पोट मोजलंस. आणि नाव नाही?"

"नावाचा रकाना घरमालकाचा होता," मी म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावावीशी वाटली. लाज वाटते तेव्हाही मला रकानाच आठवतो.

उतरताना मात्र तिने नेहमीसारखा हात पुढे केला. मी तो धरला. जमिनीवर पाय टेकल्याबरोबर तिने तो सोडला.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. एरवी ती माझ्या बरोबरीने एकेक पायरी चढते, आणि म्हातारी झालीस म्हणून चिडवते. आज ती भराभर वर गेली. वर दाराचा आवाज आला. मी कठडा धरून चढत राहिले. गुडघे खरंच दुखत होते, सकाळी सांगितलं ते काही बहाणा नव्हतं.

वर पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बैठकीतला दिवा दिसत होता, आणि तिच्या चपला दिसत होत्या, एक सरळ, एक उलटी. किल्ली माझ्याही पिशवीत होती, घर माझं होतं.

तरी मी दार वाजवलं, आणि बाहेरच उभी राहिले.