कडव्यांमधला खरखराट

गाण्यांची साफसफाई करणं हा दादाचा धंदा. गायकाचा श्वास, खुर्चीची कुरकुर, पंख्याची घरघर, सगळं तो काढून टाकायचा. पण या गाण्याने त्याचं डोकं उठवलं होतं, कारण गायिका त्याची सख्खी धाकटी बहीण होती आणि ती ऐकेल तर शपथ. दोन कडव्यांच्या मधे कसलासा खरखराट होता. त्याने तो दरवेळी पुसायचा आणि बाईसाहेबांनी दरवेळी परत आणून बसवायचा.

खरखराट एक वेळ परवडला, पण शब्द? ‘आपल्याच घराला लावली काडी, म्हटलं थंडी फार आहे.’ हे काय लिहिणं झालं? पोरीला झालंय तरी काय? त्याने आईला फोन करून हळूच विचारलं, ही जेवते ना नीट, झोपते ना? आईने त्यालाच झापलं, "तिचं सोड, तू तुझं बघ." काळजी करायचीही सोय उरली नव्हती.

शेवटी त्याने हेडफोन काढून आपटला आणि शेजारी बसलेल्या बहिणीकडे वळला. "स्पष्ट सांग, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार आहे का तुझा?"

"माझा?" ती बघतच राहिली. "धन्य आहेस दादा! बाकी सगळं बंद कर आणि तुझा तो कचरा तेवढा ऐक."

त्याने ड्रम बंद केले, गिटार बंद केली, तिचा गळाही बंद केला. उरला खरखराट. चिडूनच त्याने आवाज वाढवला. छातीतून निघणारी एक ओली शिट्टी, मग दम लागेपर्यंत खोकला, आणि त्यावर सिगारेटच्या लायटरची टिकटिक.

"जिन्यात रेकॉर्ड केलंय, तू वर येताना," ती म्हणाली. "डॉक्टरकडे चल म्हटलं की खेकसतोस. म्हटलं, गाण्यातलं तरी ऐकशील. तर तू तेच पुसत बसलास!"

त्याने पुन्हा लावलं. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर त्याने लगेच सांगितलं असतं, बाबा रे, आधी छाती दाखवून ये, गाणं मागाहून बघू. साऱ्या जगाचे श्वास ओळखणाऱ्याला स्वतःचा ओळखू आला नव्हता. त्याला आधी लाज वाटली आणि मग सणसणीत भीती.

"जाईन," तो गुरगुरला. "एवढं गाणं संपवतो आणि जातो."

"गाणं संपेपर्यंत तू उरलास म्हणजे मिळवली," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. तेव्हा मात्र तो मुकाट्याने उठला.