उत्तराला लागलेला उशीर

गुंजीच्या गुणाबाईंनी पोराचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते फोनवरच. पोरगी सांब्र्याची, सौम्या, बेळगावात नोकरीला. गावात साधा फोन लागत नाही म्हणून साईराजनं आईला इंटरनेटवरून जोडून दिलं होतं. गुणाबाईंनी विचारलं, "भातलावणीला चिखलात उतरशील का गं?" पलीकडं गप्प. मग उत्तर. पुढच्या सवालालाही तसंच.

"मागनं आई सांगती, मग ही बोलती," गुणाबाई फोनवरच कडाडल्या. "शिकवून बसवलेली पोर आमच्या घरात नको!"

साईराज त्या दिवसापासून ताटावरून अर्धपोटी उठायचा. शेवटी त्यानं इंटरनेटवरून जोडलेला फोन आईच्या हातात दिला, शेजाऱ्याचा फोन घेऊन आपण गोठ्याशी जाऊन उभा राहिला.

"माझ्या तोंडाकडं बघ!" तो तिथून ओरडला.

मग तो फोनवर हळू आवाजात बोलला. ओठ हलले, मिटले. तो म्हशीच्या पाठीवर हात फिरवायला लागला, तेव्हा कुठं गुणाबाईंच्या कानात आलं, "आई, ऐकू येतंय का गं?"

त्या दचकल्या.

"नेटवर आवाज अखंड जात न्हाय," साईराज जवळ येऊन म्हणाला. "बारके बारके तुकडे हुत्यात, एकेकाला नंबर. सुटे सुटे जात्यात, पलीकडचा फोन परत ओळीनं लावतो. आपल्या मरतुकड्या रेंजमधी ते रखडत्यात. तुझा सवाल उशिरा पोचायचा, तिचं उत्तर आणखी उशिरा यायचं."

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?"

"तू बोलू दिलंस?"

गुणाबाई सांब्र्याला गेल्या. सौम्याच्या आईला, यशोदाबाईंना, स्वयंपाकघरात गाठून पुटपुटल्या, "चुकलं माझं."

"हितं चुलीपाशी कशाला सांगतासा?" यशोदाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी फोनचा स्पीकर चालू हुता. भाईर सोप्यात भावकी बसलेली, सगळ्यांनी ऐकलंय. आजबी बसल्यात."

गुणाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मग सोप्यात गेल्या. तोंडावर गरम तवा धरल्यासारखं झालं होतं.

"पोरीचं कायबी चुकलं न्हाय. तिच्या आईचंबी न्हाय. मीच अडाणी, मीच तोंडाळ."

सौम्याचे थोरले चुलते भावकू पान चघळत म्हणाले, "आमाला काय सांगतासा? तिला सांगा."

सौम्या दारातच उभी होती. गुणाबाईंची नजर तिच्या पायांच्या वर जाईना.

"लगीन करशील का गं माझ्या साईराजशी?"

"त्यांच्याशी व्हय," सौम्या म्हणाली. "तुमच्याशी जमतंय का, ते बघू."

कुणीतरी हसलं. गुणाबाई डोक्यावर असलेलाच पदर पुन्हा पुढं ओढत राहिल्या.